शरदातलं दूध: आमची वाटचाल

कोजागिरीच्या दिवशी आमच्याकडे दुपारी तीनलाच कढया चढतात. इंदुरातल्या रामबाग, नारायण बाग, लोकमान्य नगर, राजेंद्र नगर, सगळीकडून मागणी असते. कुणाच्या गच्चीवर पंचवीस माणसं, कुठल्या मंडळाची दोनशे. दूध आटेपर्यंत कढईच्या तळाला उलथणं फिरवत राहायचं, मग साखर, चारोळी, वेलदोडा, जायफळ आणि शेवटी केशर. गिऱ्हाईक विचारतं, तुमच्या दुधाला ही गोडी कशाची? आमचा मसाला सियागंजाच्या बाजारातून येतो, तो कुणालाही मिळतो. गोडी येते हातोद, बेटमा, देपालपूर या बाजूच्या गोठ्यांतून, आणि तिची तयारी भाद्रपदातच सुरू झालेली असते. हे कळायला आम्हाला आठ वर्षं लागली, आणि ते कळण्याआधी आमच्या हातून एका भल्या माणसाचा अपमान झाला.

सुरुवात 1993 सालची. इंदुरातल्या कापडगिरण्या एकेक करून बंद पडत होत्या, बाबांचीही पडली. आई दसऱ्याला आळीतल्या चार घरांना चक्का करून द्यायची. त्या वर्षी तिने तो बारा घरांना दिला आणि मधल्या खोलीतल्या सगळ्या खुंट्यांवर दह्याचे पंचे लटकले. खाली पातेली, त्यांत निवळीचे थेंब, रात्रभर तो टपटप आवाज. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. पुढे तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराईची श्रीखंडाची मागणी आली, आणि बाबांनी घराच्या ओट्यावरच पत्रा टाकून दुकान थाटलं. दूध आधी शहरातल्याच एका गोठ्यातून सायकलवर यायचं. ते कमी पडायला लागल्यावर हातोदकडच्या गावांतून बसच्या टपावर कॅन यायला लागले.

त्या कॅनवाल्यांतले एक दादा. चार म्हशी, सहा-सात बिघे जमीन, बोलणं मोजकं. उन्हाळ्यात त्यांच्या दुधाला सात टक्के फॅट, म्हणजे चरबी, लागायचं आणि बाबा त्यांचं दूध चक्क्यासाठी वेगळं ठेवायचे. 2001 च्या नवरात्रात तेच दूध पंधरा दिवसांत साडेपाचवर आलं. दसरा तोंडावर, चक्का पातळ बसत होता, बाबा दोन रात्री झोपले नव्हते. दुकानात पाच-सहा माणसं उभी असताना ते दादांना म्हणाले, "पाणी घालायला लागलात का?" दादांनी उत्तर दिलं नाही. रिकामा कॅन उचलला आणि गेले. दुसऱ्या दिवशी कॅन आला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही.

दसरा कसाबसा पार पडल्यावर बाबा मला घेऊन त्यांच्या गावी गेले. दादा शेतावर होते. घरी काकी, म्हणजे दादांची बायको, होत्या, त्याच धारा काढायच्या. त्यांनी आम्हाला पाणी दिलं आणि सरळ गोठ्यात नेलं. दोन म्हशी महिन्याभरापूर्वी व्यायलेल्या. गव्हाणीत बांधावरचं कोवळं, ओलं, हिरवंगार गवत काठोकाठ. काकी म्हणाल्या, आधी शेण बघा, मग दूध बघा. शेण पातळ पडत होतं. एवढ्यावरच त्यांचं बोलणं संपलं. बाकीचं आम्हाला त्या गावच्या पशुवैद्यक डॉक्टरांनी समजावलं. ताज्या व्यायलेल्या म्हशीचं दूध जास्त असतं, तेव्हा फॅट कमी लागतं. त्यात पावसाळ्यानंतरचं लुसलुशीत गवत म्हणजे बरंचसं पाणी. त्याला धागा कमी, जनावर रवंथ कमी करतं, आणि दुधातली चरबी ज्या घटकांतून बनते ते पोटात पुरेसे तयारच होत नाहीत. वैरणीत गव्हाचा भूसा किंवा ज्वारीचा कडबा कापून मिसळला की दहा-बारा दिवसांत फॅट चढायला लागतं.

आणि खरी बोच यापुढची. दुधाची घनता मोजणारा लॅक्टोमीटर आमच्या दुकानात खिळ्याला टांगलेला होता. दुधात पाणी घातलं तर फॅटबरोबर लॅक्टोमीटरचा आकडाही उतरतो, एसएनएफही (दुधातले चरबी सोडून बाकीचे घन घटक) उतरतं. दादांच्या दुधाचा लॅक्टोमीटर त्या पंधरा दिवसांत जराही हलला नव्हता. तो आकडा बाबांनीच रोज वहीत लिहिला होता. दोन रकाने शेजारी-शेजारी होते, ते एकत्र वाचले नव्हते. परत आल्यावर बाबा ती वही मांडीवर घेऊन खूप वेळ बसले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी त्यांनी दादांना मुद्दाम बोलावून घेतलं, त्याच गिऱ्हाइकांसमोर हात जोडले आणि चूक आमची होती असं सांगितलं. दादांचा कॅन परत सुरू झाला. आमच्या धंद्याची वाटचाल मी त्या दिवसापासून मोजतो.

तेव्हापासून फॅट गावातच मोजलं जातं, ज्याचं दूध त्याच्यासमोर. आधी गर्बरची पद्धत होती: काचेच्या ब्युटिरोमीटरमध्ये 10 मिली गंधकाम्ल, त्यावर अलगद 10.75 मिली दूध, 1 मिली अमाइल अल्कोहोल, बूच लावून यंत्रात फिरवायचं, मग दांडीवर पिवळा थर किती चढला ते वाचायचं. पहिल्या दिवशी काकींनी ती दांडी उजेडाकडे धरून स्वतः वाचली. आता मिल्क ॲनालायझर आहे, मिनिटाभरात फॅट, एसएनएफ दोन्ही सांगतो. तरी आठवड्यातून एकदा गर्बर लावून आम्ही यंत्राची खातरजमा करतो, कारण यंत्र एका पॉइंटने जरी चुकलं तरी ते पैसे कुणाच्या तरी घरातून जातात.

शरदाचे हे दोन-अडीच महिने गोठ्यासाठी किती ओढाताणीचे असतात हे शहरात बसून कळत नाही. माळव्यात सोयाबीनची कापणी नेमकी नवरात्र-दसऱ्याच्या सुमाराला येते. परतीचा पाऊस डोक्यावर असतो, मजूर मिळत नाहीत, घरातलं प्रत्येक माणूस पहाटेपासून शेतात. आणि म्हैस वेळेची पक्की असते. रोजची बाई रोजच्या वेळेला आली नाही तर ती पान्हा चोरते. सुनेच्या हाताला सवय झालेली म्हैस सासऱ्याला अर्धंच दूध देते. काकी कापणीच्या दिवसांत दुपारी साडेचारला विळा ठेवून घरी यायच्या, धार काढायच्या आणि परत शेतात जायच्या. मैलभर अंतर. गाड्या गावात सहाला पोचायच्या. आम्ही कापणीपुरती ती वेळ साडेसात केली. गिऱ्हाइकांनी थोडी कुरकुर केली, पण समजावून सांगितल्यावर थांबले. काही लोक या घाईत ऑक्सिटोसिनची सुई टोचून धार मोकळी करतात. अशा दोन ठिकाणांहून आम्ही दूध घेणं बंद केलं. दुधाची तंगी होती तेव्हाच बंद केलं, आणि याबद्दल आमचं मत अजून तितकंच कडक आहे. रोज सुईवर पान्हवलेलं जनावर मग सुईशिवाय पान्हवत नाही.

रेडकांचाही हाच काळ. म्हशींची वेतं पावसाळ्याच्या शेवटी आणि शरदातच जास्त होतात, त्यामुळे गोठ्यात एकदम चार-पाच रेडकं. त्यांना व्यायल्यापासून तास-दोन तासांत चीक मिळाला पाहिजे, आणि दहाव्या दिवसाच्या सुमाराला जंताचं औषध, कारण म्हशीच्या रेडकाला गोल जंत आईच्या दुधातूनच येतात. रेडकू मेलं तर म्हैस बऱ्याचदा आटते. औषधाचा खर्च आम्ही दुकानातून करतो. खरवसासाठी गिऱ्हाइकं मागे लागतात, पण रेडकाचं पोट भरल्यावर उरलेलाच चीक आम्ही घेतो, त्यामुळे आमच्याकडे खरवस फार थोडा असतो आणि सांगूनही मिळेलच असं नाही.

ओल्या खाद्याची भीती मला सगळ्यात जास्त वाटते. इंदूर म्हणजे कपास्या खलीची मोठी बाजारपेठ. साठ किलोचं पोतं, भाव रोज वर्तमानपत्रात. (मराठीत आपण सरकी ढेप म्हणतो, पण आमच्या तोंडी खलीच बसलंय.) पावसाळ्यात भिजलेली खली, नीट न वाळलेला नवा मका, पावसात सापडलेलं सोयाबीनचं कुटार, या सगळ्यांवर याच दिवसांत बुरशी धरते. तिच्यातलं अफ्लाटॉक्सिन हे विष जनावराच्या पोटातून थेट दुधात उतरतं, आणि उकळल्याने जात नाही. डोळ्याला दिसत नाही, चवीला कळत नाही. 2012 पासून आम्ही खली एकत्र विकत घेतो, फळ्यांवर रचतो, भिंतीपासून हात-दीड हात लांब ठेवतो आणि खरेदीच्या भावानेच गावात पोचवतो. यात आम्हाला नफा नाही, दुधात आहे. पोतं उघडल्यावर कुबट वास आला तर ते परत घेऊन यायचं, हे ड्रायव्हरला पक्कं सांगितलेलं आहे.

लाळ्या-खुरकुताची लस वर्षातून दोनदा, त्यातली एक साधारण याच हंगामात. सप्टेंबर 2019 मध्ये केंद्राचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, लस फुकट मिळते. तरी लोक टाळतात, कारण टोचल्यावर दोन-तीन दिवस दूध थोडं उतरतं आणि ते दिवस सणाचे असतात. एका दिवाळीत मी फक्त समजावत बसलो, उपयोग झाला नाही. पुढच्या वर्षी सांगितलं की लसीनंतरचे तीन दिवस मागच्या दहा दिवसांच्या सरासरीने पैसे देऊ. सगळ्या गोठ्यांत लस झाली.

2022 मध्ये गाईंना लम्पी आला. अंगावर गाठी, ताप, पाय सुजलेले. म्हशींना तो क्वचितच होतो, पण आमच्याकडच्या तीन घरांच्या गाई आजारी पडल्या आणि एक गेली. माश्या, डास, गोचीड यांच्यामार्फत तो पसरतो, म्हणून संध्याकाळी गोठ्यात कडुनिंबाचा धूर. शहरात मात्र अफवा अशी की दूधच पिऊ नका. हा आजार माणसाला होत नाही, हे आम्ही काउंटरवर दिवसातून शंभर वेळा सांगितलं. त्या वर्षीच्या कोजागिरीला मागणी निम्मी होती. दूध मात्र आम्ही सगळं घेतलं.

म्हैस माजावर येण्याचाही हाच काळ. दिवस लहान व्हायला लागले की म्हशी माज दाखवतात, पण तो मुका असतो. फार ओरडत नाही, रात्री किंवा पहाटे थोडा वेळ चिकट तार दिसते, बस्स. सोयाबीन काढून थकलेला माणूस त्या वेळी झोपलेला असतो. म्हशीचा गाभणकाळ सुमारे 310 दिवसांचा. दिवाळीत फळलेली म्हैस पुढच्या शारदीय नवरात्राच्या आसपास विते, म्हणजे दूध सणाला हजर. हा माज चुकला, पुढचाही चुकला, तर उन्हाळ्याआधी ती गाभण राहणं अवघड होतं आणि पुढचं अख्खं वर्ष विस्कटतं. म्हणून आमच्या गाडीत एक वही असते, व्यायल्याची तारीख, माजाची तारीख. दीड-दोन महिने उलटले की ड्रायव्हर दारात विचारतो. बायका त्याला आधी लाजायच्या, आता स्वतःच सांगतात.

शहरातले गोठे पुढे हळूहळू बाहेर गेले, शहर स्वच्छतेत देशात पहिलं आलं, ओट्यावरच्या पत्र्याच्या जागी पक्कं दुकान झालं, गावात दूध गार करायची टाकी बसली. हे सगळं झालं, त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही.

पैशाचं मात्र लिहायला हवं. हिशोब दर दहा दिवसांनी होतो, पण वसुबारसेला आम्ही सगळी बाकी चुकती करतो, मग हप्ता पुरा झालेला असो वा नसो. माळव्यातल्या बायका गाय-वासरू श्रावण सरताना, बछ बारसेलाच पुजतात. आपली वसुबारस त्यांना नवी होती. आईने पहिल्यांदा काकींच्या हातात त्या दिवशी पाकीट दिलं, दादांच्या नाही. धार ज्या हाताने काढली त्या हातात पैसे, हा तिचा आग्रह. ते पैसे लगेच कामाला येतात, कारण सोयाबीन विकून आलेले पैसे हार्वेस्टर आणि उधारीतच जातात, आणि ऑक्टोबरातच बरसीम, म्हणजे हिवाळ्यातला हिरवा चारा, पेरायची असते. बियाणं मिठाच्या पाण्यात टाकून वर तरंगणारं कासनी या तणाचं बी काढून टाकायचं, खालचं स्वच्छ धुऊन पेरायचं. पन्नास-पंचावन्न दिवसांनी पहिली कापणी. तीही उपाशी पोटी खाल्ली तर पोटफुगी, म्हणून आधी भूसा, मग बरसीम.

दिवाळी झाली की दूध वाढतच जातं आणि मागणी एकदम पडते. 2007 साली आम्ही सलग चार दिवस संध्याकाळचं दूध परत पाठवलं. दादांनी ते गावात वाटून टाकलं, मला काही बोलले नाहीत. त्यानंतर दूध परत पाठवायचं नाही असं ठरलं. त्याऐवजी लोणी काढून तूप कढवायचं, आणि ते एप्रिल-मेमध्ये, दूध आटतं तेव्हा विकायचं. आज आमच्या उन्हाळ्यातल्या विक्रीचा मोठा भाग हे हेमंतातलं तूपच आहे.

बाबा 2016 मध्ये गेले, दादा त्यानंतर दोन वर्षांनी. काकींना आता दिसत कमी, धार त्यांची सून काढते आणि गावातलं संकलनही तीच बघते. यंदा नवरात्राच्या आठ दिवस आधी पहाटे साडेपाचला तिचा फोन आला. "काका, तीन घरांत शेण पातळ पडतंय. फॅट अजून उतरलं नाहीये, पण उतरेल. भूसा आजच्या गाडीत टाका." सहा वाजता गाडी निघाली.