दुपारी एक ते संध्याकाळी साडेसहा

आज भाचीला गोव्यातल्या मोपा विमानतळावर सोडून आलो. मुंबईमार्गे लंडनला निघालीय. ताईने गाडीतच तिकीट हातात घेऊन हिशेब केला. मुंबईहून दुपारी एकला सुटणार, लंडनला संध्याकाळी साडेसहाला पोचणार. "म्हणजे साडेपाचच तास गो! जवळच आहे की!" भाची नुसती हसली.

मग मीच समजावलं. ती वेळ तिथली आहे. उन्हाळ्यात त्यांचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं, हिवाळ्यात साडेपाच. म्हणजे उन्हाळ्यातला हा प्रवास दहा तासांचा. ताईचा चेहरा उतरला, तेव्हा वाटलं उगाच बोललो.

गोवा ते लंडन हवाई अंतर सरळ मोजलं तर सुमारे ७५०० किलोमीटर. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवू नका हं, पृथ्वी गोल असल्याने जवळचा मार्ग उत्तरेकडे वाकतो, इराणवरून. आणि येताना तासभर तरी वाचतो, कारण उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, जेट स्ट्रीम. जाताना तेच तोंडावर येतात. हे मात्र ताईला आवडलं: "म्हणजे घरी लवकर येणार!"

आम्ही मडगावचे. दाबोळी विमानतळ आम्हाला अर्ध्या-पाऊण तासावर. २०२३ पासून मोपाही सुरू झालाय, तो थेट पेडण्यात, गोव्याच्या उत्तर टोकाला. परतीला म्हापशात इतके अडकलो की तेवढ्यात भाची मुंबईत उतरून "पोचले" म्हणून मेसेजही करून मोकळी!