जास्वंदीवरचे पांढरे किडे : परड्यातला माझा अनुभव

बेळगावातल्या अनगोळच्या आमच्या घरामागे जेमतेम एक गुंठ्याचे परडे असून त्यात जास्वंद, पेरू, वांगी आणि वालपापडी आहे. गेल्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला जास्वंदीच्या शेंड्यांवर पिठ्या ढेकूण, म्हणजे झाडाचा रस शोषणारा पांढरा किडा, इतका माजला, की कळ्या उमलण्याआधीच गळू लागल्या आणि खालच्या पानांवर त्याच्या चिकट स्रावामुळे काळी बुरशी धरली. दुकानातून आणलेले कीटकनाशक मी पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा फवारले. ढेकूण आठवडाभर कमी दिसला आणि नंतर पूर्वीपेक्षा जास्त झाला. त्याच्या अंगावर मेणाचा थर असतो आणि अंडी कापसासारख्या पुंजक्यात दडलेली असतात, त्यामुळे फवारा तिथवर पोहोचत नाही, उलट त्याला खाणारे उघड्यावरचे किडेच आधी मरतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

चिकोडीकडचे माझे मामा ऊस पिकवतात. 2002 मध्ये सांगली-कोल्हापूर भागातून आपल्या उत्तर कर्नाटकातल्या उसावर लोकरी मावा ही रस शोषणारी बारीक पांढरी कीड पसरली, तेव्हाची हकिकत त्यांनी मला सांगितली. त्या माव्यावर डिफा नावाच्या पतंगाच्या अळ्या आणि मायक्रोमस हा जाळीदार पंखांचा कीटक तुटून पडत असे. ज्या फडात ते आढळत, तिथली अळ्या-कोषांसह पाने कापून लोक दुसऱ्या फडातल्या उसाला बांधत असत. मामांनी मला सल्ला एवढाच दिला, की आधी फवारणी बंद कर, मग पुढचे बोलू.

महिनाभर पंपाला हात न लावता थांबलो आणि मग जैविक कीडनियंत्रणाचे साहित्य पुरवणाऱ्या एका प्रयोगशाळेतून पिठ्या ढेकूण खाणाऱ्या क्रिप्टोलिमसचे पन्नास भुंगेरे मागवले. हा मूळचा ऑस्ट्रेलियातला ढालकिडा (लेडीबर्ड) भारतात 1898 मध्ये आणला गेला. भुंगेरा दिसायला अगदी साधा, चार मिलिमीटरचा, काळपट पाठीचा आणि नारिंगी डोक्याचा असतो. संध्याकाळी ऊन उतरल्यावर त्यांतले निम्मे जास्वंदीवर आणि बाकीचे पेरूवर सोडले. मुंग्यांचा बंदोबस्त त्याआधीच करायला हवा होता. ढेकणाच्या गोड स्रावासाठी मुंग्या त्याची राखण करतात आणि भुंगेऱ्यांना हुसकावतात. मी तो नंतर केला, म्हणजे खोडाला प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळून तिच्यावर ग्रीस लावले आणि भिंतीला टेकणाऱ्या फांद्या छाटल्या, कारण एक फांदी टेकलेली राहिली तरी मुंग्या तिच्यावरून वर चढतात.

खरी चूक तिसऱ्या आठवड्यात झाली. जास्वंदीवर मला नेहमीच्या ढेकणापेक्षा मोठे, लांब पांढऱ्या झिपऱ्यांचे किडे दिसले. प्रयोग फसला आणि ढेकूणच पोसला गेला, असे समजून मी ओल्या फडक्याने त्यांतले वीस-पंचवीस चिरडले. एक किडा मात्र फडक्यापासून भरभर पळाला आणि त्याच्या तोंडात ढेकणाचे पिल्लू होते. क्रिप्टोलिमसच्या अळीच्या अंगावरही तशीच मेणाची झालर असते आणि ती वाढून सव्वा सेंटिमीटरपर्यंत लांब होते, हे त्या दिवशी कळले. तेव्हापासून मी काडीने हळूच डिवचून पाहतो. ढेकूण जागचा फारसा हलत नाही, अळी लगेच वाट बदलते.

याच्या उलट फसगत वांग्यावर झाली. ठिपक्यांचे ढालकिडे दिसताच मला आनंद झाला. पण चार दिवसांत पानांची जाळी झाली. तो ठिपक्यांचा भुंगेरा याच कुळातला असला, तरी पाने खाणारा निघाला. त्याची पाठ चकचकीत नसून बारीक लवेमुळे मंद दिसते आणि त्याच्या पिवळ्या अळीला काटे असतात. त्या अळ्या मी हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाकल्या.

वालपापडीवरच्या माव्यासाठी काहीच विकत आणावे लागले नाही. कडेची कोथिंबीर न उपटता फुलू दिली, तेव्हा सिरफिड माश्या परागासाठी आल्या आणि त्यांच्या अळ्या माव्यावर तुटून पडल्या. पानाखाली केसासारख्या दांड्यांवर टांगलेली, क्रायसोपर्ला या मावा खाणाऱ्या जाळीदार पंखांच्या कीटकाची अंडीही दिसू लागली. या दांड्यांमुळे आधी फुटलेली अळी भावंडांची अंडी सहजी खाऊ शकत नाही.

मृगाच्या पावसाआधी जास्वंद पुन्हा फुलली. पेरूच्या देठाशी थोडा ढेकूण अजून आहे आणि तो मी मुद्दाम ठेवला आहे, कारण खायला काहीच उरले नाही तर भुंगेरे दुसरीकडे जातील. शेजारच्या अक्कांच्या जास्वंदीवरही आता तोच ढेकूण आला आहे. कालच मी भुंगेऱ्यांच्या कोषांसह एक फांदी कापून तिच्यावर बांधून आलो. ग्रीस लावायला मात्र अक्का अजून तयार नाहीत, कारण त्या फुलांसाठी रोज पहाटे त्या झाडाला हात लावतात.