थर्ड पार्टी स्क्रिप्ट आधी सरसकट बंद, मग लागेल तेवढीच चालू

ॲड ब्लॉकर टाकला की काम झालं असं बरेच जण धरून चालतात, आणि काहीच नसण्यापेक्षा ते कितीतरी बरं, पण तो चालतो कसा ते बघा. ईझीलिस्ट, ईझीप्रायव्हसी अशा याद्या असतात, त्यात एखाद्या ट्रॅकरचं, म्हणजे तुमच्या वावरावर नजर ठेवणाऱ्या सर्व्हरचं, नाव कोणी घातलं असेल तर त्याची रिक्वेस्ट अडते आणि नसेल तर बिनबोभाट जाते. म्हणजे नवीन डोमेन घेऊन कोणी आजच ट्रॅकिंग सुरू केलं तर यादी अपडेट होईपर्यंत त्याला रान मोकळं. मला हे उलटं हवं होतं. माझा ब्राउजर कुठल्या सर्व्हरशी बोलणार हे मी ठरवणार, बाकी सगळं बंद. त्यातही मुख्य म्हणजे थर्ड पार्टी स्क्रिप्ट, म्हणजे उघडलेल्या साइटच्या नव्हे तर दुसऱ्याच डोमेनवरून येणारा कोड.

याच्यासाठी यूमॅट्रिक्स हे ब्राउजर एक्स्टेंशन एक नंबर होतं. आडव्या ओळीत डोमेन, उभ्या रकान्यात कुकी, इमेज, स्क्रिप्ट, फ्रेम (पानात बसवलेलं दुसरं पान) वगैरे, आणि प्रत्येक चौकोन वेगळा चालू बंद करता यायचा. ते बनवणाऱ्या रेमंड हिल यांनी २०२० मध्ये त्याचं काम थांबवलं, ते मला अजून खटकतं कारण इतकं बारीक कंट्रोल नंतर कशातच सापडलं नाही. पण त्यांच्याच युब्लॉक ओरिजिन या ॲड ब्लॉकरमध्ये डायनॅमिक फिल्टरिंग, म्हणजे डोमेननुसार आपणच नियम लावायची सोय, आहे आणि रोजच्या वापराला ते पुरतं, फक्त बऱ्याच लोकांना ते आहे हेच माहीत नसतं कारण सुरुवातीला लपवलेलं असतं. सेटिंग्जमध्ये ॲडव्हान्स्ड यूजरवर टिक करायचं, मग आयकॉनवर क्लिक करून पॅनल पूर्ण उघडलं की डोमेनची यादी आणि तिच्या शेजारी दोन रकाने दिसतात. पहिला सगळ्या साइट्ससाठी, दुसरा फक्त समोर उघडलेल्या साइटसाठी. पहिल्या रकान्यात थर्ड पार्टी स्क्रिप्ट आणि थर्ड पार्टी फ्रेम हे दोन लाल करा आणि कुलपावर क्लिक करून सेव्ह करा. याला मीडियम मोड म्हणतात, बस एवढंच.

आता साइट्स मोडणार, हे आधीच सांगते. मजकूर दिसेल पण मेनू उघडणार नाही, व्हिडिओच्या जागी रिकामा डबा येईल, कॅप्चा तर दिसणारच नाही. घाबरायचं नाही, पॅनल उघडून डोमेन वाचायचे. बहुतेक वेळा त्या साइटच्याच नावाशी मिळतंजुळतं एखादं सीडीएन (साइटच्या फाइली पुरवणारा वेगळा सर्व्हर) असतं, त्याला दुसऱ्या रकान्यात करडा रंग द्यायचा आणि पेज रीलोड. चाललं तर कुलूप लावा, नाही चाललं तर पुढचं डोमेन बघा, कारण कुलूप लावलं नाही तोवर नियम तात्पुरता असतो आणि ब्राउजर बंद करून उघडला की जातो. नेमकं काय अडतंय ते कळत नसेल तर लॉगर उघडून ठेवा, त्यात एकेक रिक्वेस्ट आणि तिला कुठल्या नियमाने अडवलं ते दिसतं.

करडा आणि हिरवा यातला फरक मात्र नीट लक्षात घ्या, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. करडा म्हणजे नूप, म्हणजे माझी सरसकट बंदी इथे लागू नाही पण याद्यांचे फिल्टर चालूच राहतील. हिरवा म्हणजे अलाउ, आणि तो याद्यांनाही ओलांडून जातो, त्या डोमेनवरून ओळखीचा ट्रॅकर आला तरी आत येणार. साइट चालत नाही म्हणून लोक घाईत हिरवं करून टाकतात, तसं करू नका, करड्याने जवळजवळ नेहमी भागतं. आणि करडाही दुसऱ्या रकान्यातच द्या, पहिल्यात दिला तर ते डोमेन जगातल्या सगळ्या साइट्सवर मोकळं होतं.

पैसे भरायच्या पानावर मी आधीच थर्ड पार्टी स्क्रिप्ट आणि फ्रेम दोन्ही त्या साइटपुरते करडे करून रीलोड करते, कारण पेमेंट गेटवे आणि बँकेची ओटीपीची खिडकी बऱ्याचदा दुसऱ्याच डोमेनवरून फ्रेममध्ये येते आणि व्यवहार अर्ध्यात अडकलेला असताना पान रीलोड करणं बरं नाही.

याने सगळंच अडतं असं नाही. साइटने स्वतःच्याच सर्व्हरवरून ट्रॅकिंग केलं तर ते फर्स्ट पार्टी दिसतं आणि हा नियम त्याला लागत नाही. डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनचे पत्ते सांगणाऱ्या यंत्रणेत, सीनेम (एका नावामागे दुसरं नाव जोडणारी नोंद) लावून ट्रॅकरला आपल्याच सबडोमेनचं नाव द्यायचीही पद्धत आहे, ते युब्लॉक ओरिजिन फायरफॉक्सवर उघडं पाडतं, क्रोमवर ती सोयच नाही. तसंही क्रोममध्ये मॅनिफेस्ट व्ही ३ हे एक्स्टेंशनसाठीचे नवे नियम आल्यावर युब्लॉक ओरिजिन लाइट उरलंय आणि त्यात हे डायनॅमिक फिल्टरिंग नाही, त्यामुळे हे सगळं करायचं असेल तर फायरफॉक्सच घ्या.

नियम बरेच जमले की डॅशबोर्डमधल्या माय रूल्समध्ये जाऊन ते एक्स्पोर्ट करून ठेवा. साधी टेक्स्ट फाइल असते, ओळीत आधी कुठली साइट, मग कुठलं डोमेन, मग कुठला प्रकार आणि शेवटी काय करायचं, एवढंच, नवीन मशीनवर तीच इम्पोर्ट करून कमिट, म्हणजे कायमची सेव्ह, केली की झालं.