तुम्ही विचारलंत म्हणून: कोरेयेत्स लढली की नुसती सोबत गेली?

रशिया-जपान युद्धाबद्दल मी कुठेही बोललो की शेवटी कोणीतरी हा प्रश्न काढतंच. कोरियातल्या चेमुल्पो बंदराबाहेर जपान्यांशी झालेल्या लढाईत रशियाच्या वर्याग या क्रूझरवर ३१ माणसं ठार झाली, डेकवर रक्तामांसाचा चिखल झाला. तिच्या मागोमाग निघालेल्या कोरेयेत्स या छोट्या रशियन गनबोटीवर मात्र एकालाही खरचटलं नाही. मग ती खरोखर लढली की नुसती सोबत गेली? विचारणाऱ्याच्या सुरात ‘कुठेतरी अंग चोरलं असणार’ हा संशय असतो, आणि मला तो डाचतो. म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

लढाई होती ९ फेब्रुवारी १९०४ ची. कोरेयेत्स पाण्यात उतरली होती १८८६ साली, स्टॉकहोमच्या बेरीसुंद गोदीतून. जेमतेम बाराशे-तेराशे टनांची बोट, डोलकाठ्यांवर शिडांची सोय, वेग साधारण १३ नॉट. एवढ्याशा अंगावर तोफा मात्र दांडग्या: नाळेच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या, दोन्ही बाजूंना एकेक ८ इंची आणि वरामावर, म्हणजे मागच्या टोकाला, एक ६ इंची. गनबोट हा प्रकारच असा. खोल समुद्रात आरमाराशी झुंजायला ती बांधतच नाहीत. उथळ बंदरं, नदीची मुखं, किनाऱ्यावरचे किल्ले, वकिलातीचं रक्षण, टपाल पोचवणं ही तिची कामं. चीन-कोरियाच्या किनाऱ्यावर रशियाला नेमकं हेच हवं होतं.

या कामात ती किती तावून सुलाखून निघाली होती ते बघायचं तर १९०० सालच्या जूनमध्ये जावं लागेल. चीनमध्ये परकीयांविरुद्धचा बॉक्सर उठाव पेटला होता. तिएनत्सिनकडे जाणाऱ्या पैहो नदीच्या तोंडावर ताकूचे किल्ले होते. परकीय राष्ट्रांची मोठी जहाजं मैलोन्‌मैल बाहेर नांगरून पडली होती, कारण मुखावरचा गाळाचा उंचवटा त्यांना ओलांडताच येत नव्हता. आत गेल्या त्या प्रामुख्याने गनबोटी. रशियाच्या बोबर, गिल्याक आणि कोरेयेत्स, शिवाय इंग्रज, जर्मन आणि फ्रेंच यांची एकेक. किल्ले पहाटे दोनपर्यंत ताब्यात द्या, असा निर्वाणीचा खलिता गेला होता. १७ जूनच्या रात्री एक वाजायच्या सुमारास किल्ल्यांनीच उत्तर दिलं, ते तोफांनी.

आता जरा डोळ्यांसमोर आणा. अरुंद नदी, मिट्ट काळोख, बोट हलवायला जागा नाही, आणि किल्ल्यांवर आधुनिक तोफा. हे जवळजवळ सहा तास चाललं. गिल्याकच्या दारूगोळ्याच्या कोठाराचा स्फोट झाला. कोरेयेत्सवरही गोळे बसले, आगी लागल्या. तिचा लेफ्टनंट बुराकोव्ह आणि त्याच्याबरोबर कित्येक खलाशी मेले, वीसेक जखमी झाले. सकाळी किल्ले पडले. त्या वेळी पकडलेल्या चार चिनी विनाशिकांपैकी एक रशियाच्या वाट्याला आली, तिला त्यांनी ‘लेफ्टनंट बुराकोव्ह’ असं नाव दिलं. पुढे पोर्ट आर्थर या चीनच्या किनाऱ्यावरच्या रशियन आरमारी तळाला वेढा पडल्यावर हीच विनाशिका आपल्या वेगाच्या जोरावर नाकेबंदीतून निरोप ने-आण करत होती. माझ्या मते कोरेयेत्सची खरी लढाई ही, पण तिच्याबद्दल मला कोणी विचारत नाही.

आता चेमुल्पो, म्हणजे आजचं इंचॉन. फेब्रुवारी १९०४ मध्ये वर्याग आणि कोरेयेत्स तिथे नांगरलेल्या होत्या. तारायंत्राचा संपर्क तुटलेला, पोर्ट आर्थरकडून काही कळेना. म्हणून ८ तारखेला दुपारी कोरेयेत्सला टपाल घेऊन धाडलं. बंदराबाहेर पडते न पडते तोच समोर जपानच्या रिअर ॲडमिरल उरिऊचा ताफा. जपानी टॉर्पेडो बोटी अंगावर आल्या, टॉर्पेडो सुटले, सगळे चुकले. कोरेयेत्सचा कप्तान बेल्यायेव्ह याने आधी गोळीबाराचा हुकूम दिला आणि लगेच मागे घेतला, कारण बोट वळून तटस्थ बंदरात शिरत होती. तरी गडबडीत ३७ मिलिमीटरच्या तोफेतून दोन बार उडालेच. आधी कोणी आगळीक केली यावर दोन्ही बाजूंचे अहवाल भांडतात, पण या युद्धात रशियाकडून उडालेले पहिले बार हेच. ‘जपानने रशियाला हरवलं’ एवढ्या एका ओळीत शाळेत आपण जे युद्ध शिकलो, ते टपाल घेऊन निघालेल्या बोटीवर असं सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी उरिऊचं पत्र आलं: दुपारी बारापर्यंत बाहेर या, नाहीतर चारनंतर बंदरात शिरून मारू. बाहेर सहा क्रूझर, त्यात आसामासारखी चिलखती, आणि आठ टॉर्पेडो बोटी. कोरेयेत्सवर जळण्यासारखं लाकूडसामान समुद्रात फेकून दिलं. जपान्यांना अंतराचा अंदाज लागू नये म्हणून डोलकाठ्यांची वरची टोकं तोडली. सव्वाअकराच्या सुमारास दोघी निघाल्या. परकीय जहाजांवरचे खलाशी डेकवर उभे राहून जयघोष करत होते.

अंग चोरलं का, याचं उत्तर पुढच्या तासाभरात आहे. आसामाने सुमारे सात किलोमीटरवरून मारा सुरू केला. कोरेयेत्सच्या ८ इंची तोफा जुन्या बनावटीच्या. पहिला गोळा अलीकडेच पाण्यात पडला. सरड्याची धाव कुंपणापर्यंत. तेव्हा बेल्यायेव्हने तोफा थांबवल्या आणि अंतर कमी झाल्यावर पुन्हा सुरू केल्या. जपान्यांचं सगळं लक्ष पुढच्या, मोठ्या वर्यागवर. कोरेयेत्सकडे आलेले गोळे बहुतेक डोक्यावरून गेले. एक कपची मात्र पाण्याच्या पातळीच्या फूटभर वर, नाळेच्या कप्प्यात घुसली. नुकसान एवढंच.

बेल्यायेव्हच्या अहवालात खर्ची पडलेल्या गोळ्यांचा हिशेब आहे: ८ इंची २२, ६ इंची २७ आणि लहान ३. पुढच्या दोन तोफांनी मिळून २२ आणि मागच्या एकटीने २७. याचा अर्थ मी असा लावतो की बराचसा मारा परतताना झाला. जखमी वर्याग बंदराकडे वळली तेव्हा कोरेयेत्स तिच्या मागे राहून पाठलाग करणाऱ्यांवर तोफ डागत होती. अंग चोरणारी बोट पुढे पळाली असती. नशीब चांगलं होतं हे कबूल, पण नशीब चांगलं असणं हा काही गुन्हा नाही.

शेवटही दोघींचा वेगळा. बंदरात परतल्यावर दोन्ही जहाजं उडवून द्यायची ठरलं, पण वर्यागच्या स्फोटाने आपल्याला धोका होईल असं परकीय कप्तानांनी सांगितलं. म्हणून तिच्या तळाच्या झडपा उघडून तिला बुडवलं. कोरेयेत्स चार वाजून गेल्यावर खरोखरच उडवली, तिचे तुकडे झाले. माणसं आधीच पास्काल या फ्रेंच क्रूझरवर गेली होती. परिणाम असा की वर्यागला जपान्यांनी वर काढून ‘सोया’ नावाने वापरलं, १९१६ मध्ये रशियाने ती विकत परत घेतली. कोरेयेत्सचे अवशेष काढले ते भंगारात घालायला. रशियात परतलेल्या खलाशांना पदकं मिळाली, त्यांवर दोघींचीही नावं आहेत. तारीख २७ जानेवारी, कारण रशियाचं कॅलेंडर तेव्हा तेरा दिवस मागे होतं.

नाव पुढे दुसऱ्या एका गनबोटीला दिलं. ही कोरेयेत्स १९०७ ची, बाल्टिक समुद्रातली. ऑगस्ट १९१५ मध्ये रीगाच्या आखातात जर्मन आरमार घुसलं तेव्हा ती आणि सिवूच ही गनबोट अशा दोघी बाहेर पडत होत्या. सिवूच रात्रीच्या अंधारात जर्मन युद्धनौकांपुढे सापडली आणि झुंजता झुंजता बुडाली. कोरेयेत्स निसटली, पण उथळ पाण्यात रुतली, आणि तिच्या खलाशांनी तिला स्वतःच उडवून दिलं. याही वेळी ‘बाल्टिकची वर्याग’ हा किताब मिळाला तो सिवूचलाच.