पिवळे फिन्स

बुधवार, रात्र

कानांना अजून दडे बसलेत, पण आजचं आजच लिहून ठेवतो. तो दिसला. दोन वर्षांनी, त्याच प्रवाळाच्या कड्यावर, 18 मीटर खोल पाण्यात.

तोच होता, हे छातीठोकपणे सांगतो. नेपोलियन रॅस या माशाच्या तोंडावर चक्रव्यूहासारखी बारीक रेघांची नक्षी असते, प्रत्येकाची निराळी. मगाशी जुना फोटो काढून ताडून पाहिलं. डोळ्यामागच्या दोन काळ्या रेघांपैकी खालची मध्येच तुटलेली. तेव्हाही तशीच होती.

निळ्या पाण्यातून आधी कपाळावरचं टेंगूळ दिसतं, मग सावकाश मागचा मासा येतो. ही जात दोन मीटरच्या वर जाते, हा दीडेक मीटरचा असेल. शेपूट जवळजवळ हलतच नाही. छातीजवळचे दोन पर वल्ह्यासारखे मारत येतो, शतपावली घालायला निघालेल्या आजोबांसारखा. हातभर अंतरावर येऊन थांबला की बघण्यासारखा असतो तो डोळा. खोबणीत गरागरा फिरतो, आणि दुसरा डोळा भलतीकडेच बघत असतो. जाड ओठ किंचित उघडे. मी श्वास रोखून धरला (पाण्याखाली कधीही करू नये ते) आणि मनात म्हटलं, ये बाबा, ओळखलंस ना?

त्यानं माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. वळसा घालून सरळ माझ्या बहिणीकडे गेला. तिच्या पायांशी घुटमळला, मग कमरेच्या पिशवीला तोंड लावून पाहिलं, मग तिची मूठ. ती हसली तशी मास्कमध्ये पाणी शिरलं. ते काढून होईपर्यंत हे महाराज तिथेच. पुढची दहा मिनिटं तिच्या मागेमागे.

बोटीवर आल्या आल्या टाकी उतरवायच्या आधीच तिनं सुरू केलं, "दादा, पाहिलंस? मी आवडले त्याला! कसा बघत होता रे!"

मी म्हटलं, हो.

तिच्या पायांत माझे जुने पिवळे फिन्स होते. मी यंदा काळे घेतले, म्हणून ते तिला दिले.

आणि दोन वर्षांपूर्वी याच पिवळ्या फिन्समध्ये मी पाच दिवस रोज पिशवीतून एक उकडलेलं अंडं नेऊन त्याला भरवलं होतं. करू नये हे तेव्हाही ठाऊक होतं. तांबड्या समुद्रात पूर्वी डायव्हर याच माशाला सर्रास अंडी चारत. आता तिथल्या संरक्षित भागांत माशांना खाऊ घालायला बंदी आहे. सागरी साळू (सी-अर्चिन) आणि विषारी काट्यांचे तारामासे फोडून खाणारा हा गडी, त्याला कोंबडीच्या अंड्याचं काय अडलंय? पण हातातून घेताना त्या ओठांचा जो थंड, रबरी स्पर्श होतो, त्याचा मोह मला आवरला नाही.

2025 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. भूमध्य समुद्रात आठ मीटरवर रानटी सी-ब्रीम माशांना एका डायव्हरनं खाऊची सवय लावली. दोन डायव्हर वेगवेगळ्या रंगांच्या पोशाखात उतरले की मासे नेमके खाऊवाल्याच्या मागे जात. दोघांनी सारखाच पोशाख घातला की गोंधळत. वाचलं तेव्हा मजा वाटली होती. आज पाण्यात ते आठवलं आणि नीटसं हसू आलं नाही. दोन वर्षं त्यानं पिवळा रंग लक्षात ठेवला असेल, की माझ्यासारखे आणखी अंडीवाले मधल्या काळात येऊन गेले असतील? दुसरंच खरं असावं.

जिथे भाल्यानं मासे मारतात, तिथे हीच जात माणूस दिसला की खोल निघून जाते. जिवंत माशांच्या व्यापारात याला एवढी मागणी की वयात येण्याआधीच पकडतात. 2004 मध्ये तो धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत गेला आणि त्याच वर्षी त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सायटिसचं, म्हणजे धोक्यातल्या प्रजातींच्या व्यापाराबद्दलच्या जागतिक कराराचं, नियंत्रण आणायचं ठरलं. अशा माशाला मी शिकवलं काय, तर माणसाची मूठ दिसली की जवळ जायचं.

बहीण शेजारच्या खोलीत व्हिडिओ परत परत बघतेय. उद्या पुन्हा तिथेच जायचं म्हणते. मी तिला म्हटलं, उद्या फिन्स बदलू या, माझे काळे तुला सैल होतात का बघ. "का रे? हेच छान आहेत की," म्हणाली.

अंड्यांचं अजून सांगितलेलं नाही.