तात्पुरतं

मंगळवार, ९ तारीख. रात्रीचे साडेदहा.

पहाटे दोन चाळीसला फोन वाजला. ऑन-कॉलच्या आठवड्यात (रात्री काही बिघडलं तर मीच बघायचं) तो उशाशीच असतो, पण माझ्याआधी आईच जागी झाली.

"एवढ्या रात्री कोण रे?"

"सर्व्हर."

"त्याला म्हणावं सकाळी ये," म्हणून तिने कूस बदलली.

डिस्क १०० टक्के भरलेली, ऑर्डरी घेणं बंद. टीममधला नवा मुलगा, मूळचा सांगलीचा, माझ्याआधीच लॉगिन होऊन बसलेला. "सर, जुन्या फाइली उडवल्या, तरी जागाच होईना." 'डीएफ' (डिस्कवरची जागा सांगणारी कमांड) म्हणतं डिस्क फुल, 'डीयू' (फाइलींची बेरीज करणारी) म्हणतं निम्मीसुद्धा भरलेली नाही. पोरगं पार गोंधळून गेलेलं. हे कोडं मी आधी पाहिलेलं होतं. लिनक्समध्ये फाइल उडवली की तिचं नुसतं नाव जातं. एखाद्या प्रोसेसने, म्हणजे चालू प्रोग्रामने, ती उघडी धरून ठेवली असेल, तर जागा अडकलेलीच राहते. 'एलएसओएफ' (उघड्या फाइली दाखवणारी कमांड) चालवून 'डिलीटेड'वाल्या ओळी काढल्या. एकच फाइल, ८७ जीबीची. ती धरून बसलेली सर्व्हिस रीस्टार्ट केली आणि डिस्कने श्वास घेतला.

एकूण ३८ मिनिटं गेली. सेल्सवाल्यांनी करारात ९९.९ टक्के अपटाइम, म्हणजे सिस्टिम चालू राहण्याची हमी, लिहून दिलाय. ३० दिवसांच्या महिन्यात बंद राहायला उरतात ४३ मिनिटं. आज तारीख ९.

मग ही फाइल उडवतंय कोण, म्हणून क्रॉनटॅब (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी) उघडला. फाइल उडवणाऱ्या स्क्रिप्टच्या डोक्यावर माझंच नाव. खाली कॉमेंट: 'तात्पुरतं. नंतर नीट करू.'

तेव्हा आम्ही बत्तीस जण होतो, बाणेरला एका दुकानाच्या वर. शनिवारी रात्री स्क्रिप्ट लॉग (सर्व्हिस आपल्या नोंदी लिहिते ती फाइल) उडवायची, रविवारी पहाटे मी सर्व्हिस रीस्टार्ट करायचो, उघडी धरलेली फाइल आपोआप सुटायची. नीट चाललं होतं. आता हिंजवडीत दोन मजले आहेत, लिफ्टमधले निम्मे चेहरे ओळखू येत नाहीत, आणि पूर्वी खुर्चीजवळ येऊन "नेट गेलंय रे" म्हणणारे आता तिकीट, म्हणजे लेखी तक्रार, टाकतात (माउस चालत नसला तरी 'अर्जंट'). परदेशातले ग्राहक आले, तसा दोन महिन्यांपूर्वी रविवारचा रीस्टार्ट बंद झाला. बंद करायला होकार मीच दिला होता. स्क्रिप्ट आठवलीच नाही. तेव्हापासून सर्व्हिस कुणाला न दिसणाऱ्या फाइलीत लिहीत बसली होती. म्हणजे दोन महिन्यांत तो लॉग उघडायला एकही माणूस गेला नाही, हे वेगळंच.

दुपारी आरसीए (बिघाडाच्या मूळ कारणाचा अहवाल) लिहायला त्या मुलाला बसवलं. कारणाच्या रकान्यात त्याने लिहिलं, 'जुनी स्क्रिप्ट'. कुणाची ते लिहिलं नव्हतं. मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली. माझं नाव घातलं आणि पुढे पाठवलं. संध्याकाळी दोघांनी मिळून लॉगरोटेट (जुने लॉग नीट हटवणारं साधन) लावलं. कॉमेंट काय टाकू, विचारत होता. म्हटलं, तारीख टाक.

क्रॉनटॅबमध्ये माझ्या नावाच्या अजून अकरा ओळी निघाल्यात. त्यातल्या चार कशाला आहेत, मलाच आठवत नाही. उद्या तीन बघायच्या.

आई आत्ताच दिवा घालवून गेली. जाताना विचारत होती, "आज येणारे का तो?"