दिवस राहिले म्हणजे सुटलो असं नसतं
वारंवार गर्भपात झालेल्या बाईला पुन्हा दिवस गेले की सगळे म्हणतात आता टेन्शन नको, पण मला वाटतं खरी काळजी इथूनच घ्यायची असते, कारण वेळेआधी डिलिव्हरी, बीपी वाढणं याचा धोका अशा प्रेग्नन्सीत थोडा जास्तच. माझी अँटीफॉस्फोलिपिड टेस्ट (रक्तात गुठळ्या करणाऱ्या अँटीबॉडी आहेत का ते बघणारी रक्ततपासणी) पॉझिटिव्ह आली तरी 12 आठवड्यांनी परत करायला लावली, एका रिपोर्टवर निदान होत नाही म्हणे. मग कमी डोसची अ‍ॅस्पिरिन आणि पोटावर हेपरिनची, म्हणजे रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणारी इंजेक्शनं, निळे डाग पडायचे, परकराची नाडी बांधली तरी ठणकायचं. आणि जड उचललं म्हणून पडलं असं कुणी म्हणालं तर अजिबात ऐकू नका गं, सुरुवातीच्या बऱ्याच गर्भपातांमागे गर्भाच्या क्रोमोझोमचा (गुणसूत्रांचा) दोष असतो. पुढे कधी डोकं खूप दुखलं, डोळ्यांपुढे चमकलं तर ती बीपी वाढल्याची खूण असू शकते, सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठा.